दाजींचा डावा हात आणि माझा डावा डोळा

ताईच्या पायांशी धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नाही, म्हणून उभ्या उभ्याच घालतो आहे. तू आडवा घातला असं समजून आशीर्वाद दे.)

तुझी तब्येत ठीक असेल अशी आशा आहे. लेक, जावई आणि नवी नात, तिघंही मजेत ना? नातीच्या आवाजाचा अंदाज परवाच्या फोनवर आला. निम्मं बोलणं तिचंच झालं, आणि खरं सांगू का, तुझ्यापेक्षा ती मुद्द्याचं बोलली. इकडे मी बरा आहे, तुझी भावजयही बरी आहे. दाजींचं म्हणशील तर तेही उत्तम असावेत. 'असावेत' अशासाठी म्हणतो की गेले अकरा दिवस ते माझ्याशी एक अक्षर बोललेले नाहीत. माझं चष्म्यांचं आणि त्यांचं घड्याळांचं, अशा आमच्या दोन दुकानांत एक प्लायवूडची भिंत काय ती आहे, तरी मला त्यांची खबर बेकरीवालीकडून कळते. आणि रविवारी दुकानदारांच्या टेबल टेनिस स्पर्धेत दुहेरीचा अंतिम सामना आहे, ज्यात माझे जोडीदार, गेल्या एकोणीस वर्षांप्रमाणे, तुझे यजमानच आहेत. समोर औषधवाले बंधू, ज्यांनी आपल्याला सलग चार वर्षं हरवलं आणि चारही वर्षं हात मिळवताना 'छान खेळलात काका' असं म्हटलं. दाजी आले नाहीत तर त्यांना तेही म्हणायची गरज पडणार नाही.

तू म्हणशील, एवढं सगळं फोनवर का सांगितलं नाहीस? सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्ये बोलतेस. पत्राचा हा एक मोठा फायदा आहे.

तर या सगळ्याच्या मुळाशी तुझे सुपुत्र आहेत. तू लेकीकडे गेलीस आणि तिसऱ्याच दिवशी हे सुट्टीला घरी आले. क्रीडाशास्त्राचं उच्च शिक्षण घेणारा मुलगा महिनाभर राहायला येतो म्हटल्यावर बॅगेत चार कपडे असतील असं आपल्याला वाटतं. यांच्या बॅगेत प्लॅस्टिकच्या आठ पट्ट्या होत्या. शिवाय मधोमध भोक पाडलेले पुठ्ठे, एक लॅपटॉप आणि एक वही, जिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'हात, डोळा आणि प्रतिक्रियेचा वेळ'. आमच्या रस्त्यावरचे सगळे दुकानदार दर वर्षी टेबल टेनिस खेळतात, म्हणजे ते आपोआपच खेळाडू झाले, आणि म्हणून अभ्यासाला योग्य ठरले. (चपलांच्या दुकानातले बापलेक खेळाडू! बापाला खाली पडलेला चेंडू उचलायला मुलगा लागतो आणि मुलाला तो पडल्याची आठवण करून द्यायला बाप.) एकतीस दुकानदारांची तपासणी झाली. मला वाटतं गिऱ्हाइकं धरून एवढी गर्दी माझ्या दुकानात पहिल्यांदाच झाली असेल.

तपासणी कशी होती ते सांगतो, म्हणजे तुझ्या मुलाच्या शिक्षणाचं चीज कसं होतंय ते तुला कळेल. आधी हात विचारायचा. दात कोणत्या हाताने घासता, काडी कोणत्या हाताने ओढता, बॅट कोणत्या हातात धरता. हे सोपं होतं, मला सगळं येत होतं. मग डोळा. तो भोकाचा पुठ्ठा दोन्ही हातांनी समोर लांब धरायचा, दोन्ही डोळे उघडे ठेवून भोकातून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघायचं आणि मग एकेक डोळा मिटायचा. जो डोळा मिटल्यावर घड्याळ गायब होतं, तो तुमचा मालक डोळा. दुसरा नुसता सोबतीला. सर्वांत शेवटी पट्टी. तो वरून उभी पट्टी धरणार, आपण खाली शून्यापाशी अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं, तो न सांगता पट्टी सोडणार आणि आपण पकडायची. जितक्या आकड्यावर पकडली तितके आपण मंद. दाजींनी डाव्या हाताने सतरावर पकडली. मी सव्वीसवर. त्याआधी दोनदा पट्टी जमिनीवर गेली, पण ते त्याने माणुसकी म्हणून लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा तक्ता दुकानदार मंडळाच्या सभागृहात टेबलाशेजारी लागला. दाजींच्या ओळीत: हात डावा, डोळा डावा, पट्टी सतरा. माझ्या ओळीत: हात उजवा, डोळा डावा, पट्टी सव्वीस. आणि माझ्यापुढे लाल शाईने एक चांदणी. चांदणी बघून मी आधी खूश झालो होतो. मग खाली बारीक अक्षरांत तिचा अर्थ वाचला, की या इसमाचा हात एका बाजूचा आणि डोळा दुसऱ्या बाजूचा आहे. एकतीस जणांत अशा चांदण्या सहाच निघाल्या. बेकरीवालीने पिठाच्या हातानेच तक्ता वाचला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, की तरीच, यांचं आतूनच एकमत नाही.

ताई, मी तीस वर्षं लोकांच्या नाकांवर काचा बसवतो आहे. रस्त्यावर कुणाला डोळ्याचं काही विचारायचं असलं की माझ्याकडे येतात. त्या माणसाच्या स्वतःच्या डोळ्यांबद्दल भर सभागृहात लाल शाईने लिहायचं, म्हणजे काय वाटत असेल? मी तुझ्या विद्वानाला विचारलं की या चांदणीमुळे खेळावर काय परिणाम होतो. त्याने बरंच काही सांगितलं. त्यातलं मला कळलं ते असं की, डोळा आणि हात एकाच बाजूचे असले तर निरोप चटकन पोहोचतो असं काही लोक मानतात, आणि डावखुऱ्यांना अशा खेळांत थोडा फायदा होतो असंही मानतात. म्हणजे बघ, माझा डोळा डावीकडे चेंडू बघतो, मग तो उजवीकडच्या हाताला कळवायला निघतो, वाटेत नाक लागतं, आणि तोवर चेंडू जाळीत बसून आमची वाट बघत असतो. एकोणीस वर्षांच्या पराभवांचा मला एका क्षणात उलगडा झाला. आणि दाजी का चांगले खेळतात तेही समजलं. त्यात त्यांचं काही कर्तृत्व नव्हतं, त्यांचे अवयव एका बाजूला होते एवढंच. डोळा काही बदलता येत नव्हता. म्हणून मी हात बदलायचं ठरवलं.

शास्त्राचं काम अर्धवट करून चालत नाही, तेव्हा मी सगळंच डाव्या हाताने करायला घेतलं. पहिल्या दिवशी दात घासले, म्हणजे मुख्यतः गाल घासले. दाढी करताना मिशीचा एक कोपरा गेला, तो सारखा करायला दुसरा घेतला, आणि शेवटी मिशी ठेवण्यात अर्थ राहिला नाही. (परवा व्हिडिओ कॉलला मी कॅमेरा बिघडल्याचं सांगितलं होतं, तो बिघडलेला नव्हता.) कुलपात किल्ली जाईना म्हणून घराबाहेर वीस मिनिटं उभा होतो. कुरियरवाल्याने माझी सही पाहिली, जुन्या सहीशी ताडून पाहिली आणि घरात कुणी मोठं माणूस आहे का असं विचारलं. तुझी भावजय हे सगळं चार दिवस शांतपणे बघत होती. पाचव्या दिवशी मी डाव्या हाताने तिला चहा ओतून दिला, बशीत थोडा आणि तिच्या पुस्तकात बराच, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बदलायचाच होता तर मेंदू बदलायचा, हात बरा होता." तिच्या माहेरच्या माणसांत शास्त्राविषयी आस्था कमीच.

मी मात्र पट्टीचा सराव सोडला नाही. दुकानात गिऱ्हाईक नसलं की डाव्या हाताने पट्ट्या पकडत बसायचो. चौथ्या दिवशी एकदा एकविसावर पकडली. (सोडणाराही मीच होतो, हे मान्य आहे.) त्याच जोरावर उपांत्य सामन्यात मी बॅट डाव्या हातात घेतली आणि दाजींना आधी काही सांगितलं नाही. त्यांना आश्चर्याचा सुखद धक्का द्यायचा होता.

आता दुहेरीचा खेळ तुला माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे. दोघांनी आळीपाळीने मारायचं असतं. एकाने मारून बाजूला व्हायचं, दुसऱ्याने पुढे यायचं. मी उजव्या हाताचा, म्हणून टेबलाचा डावा कोपरा माझा. दाजी डावखुरे, म्हणून उजवा कोपरा त्यांचा. मी मारून माझ्या बाजूने बाहेर, ते त्यांच्या बाजूने आत. कपाटाची दोन दारं उघडतात आणि मिटतात तसे आम्ही एकोणीस वर्षं कधी एकमेकांना न अडखळता खेळलो. आम्ही काही मोठे खेळाडू नाही, पण या एका गोष्टीचा आम्हाला, म्हणजे मला तरी, फार अभिमान होता. आणि मी बॅट डाव्या हातात घेतल्याबरोबर आम्हा दोघांनाही तोच एक उजवा कोपरा हवा झाला.

पहिल्या गुणाला मी त्यांच्या पायावर उभा होतो. तिसऱ्याला ते माझ्या. पाचव्याला आमची डोकी आपटली आणि दाजींचा चष्मा टेबलाखाली गेला. (तू पसंत केलेली ती तपकिरी फ्रेम, आपल्या तिघांना एकसारखी. 'तिघं एका घरातली दिसू' असं म्हणाली होतीस.) समोर चपलांच्या दुकानातले बापलेक होते. ते आधी गालात हसले, मग मोकळे हसले, आणि मग बापाला हसून ठसका लागला तो शेवटपर्यंत गेलाच नाही. त्यांच्या एकामागून एक सर्व्हिसा जाळीत जायला लागल्या. आम्ही तो सामना जिंकलो. दुहेरीच्या इतिहासात समोरच्याला हसवून जिंकलेली ही पहिलीच जोडी असेल. पण शेवटच्या गुणाला मी जोरात बॅट फिरवली आणि तिची कड दाजींच्या डाव्या हाताच्या तर्जनीवर बसली.

घड्याळजीचं बोट, ताई. ते लगेच सुजलं. डॉक्टर म्हणाले हाड शाबूत आहे, पण आठवडाभर चिमटा धरायचा नाही. दाजी बाकावर ओला रुमाल बोटाला लावून बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि माफी मागायच्या ऐवजी (आता माझा मलाच राग येतो) त्यांना शास्त्र समजावून सांगायला लागलो. डोळा, हात, निरोप, चांदणी, सगळं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एकोणीस वर्षं तुझा डावा हात मी होतो. दुसरा हवा होता तर आधी सांगायचंस." आणि बॅट पिशवीत घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या मधल्या भिंतीतली खिडकी बंद आहे. ती वीतभर खिडकी तुला आठवत असेल, तूच दुकानं लावताना कापायला लावली होतीस. चहाचे ग्लास तिथूनच जातात-येतात, आणि आमचे बारीक स्क्रू-ड्रायव्हरही. घड्याळाला लागतात तेच चष्म्याला लागतात, म्हणून आम्ही दोघांत मिळून एकच डबी वापरतो. बुधवारी दाजींनी ती डबी पुढच्या दाराने, रस्त्यावरून चालत येऊन माझ्या काउंटरवर ठेवली आणि तसेच परत गेले. तेव्हापासून ते स्वतः कशाने काम करतात कोण जाणे.

तेव्हा असं आहे सगळं. तुझ्या सुपुत्राने माझी मिशी, माझी सही आणि माझा जोडीदार, तिन्ही घालवले आणि सुट्टी संपवून ते वसतिगृहात परत गेले. पट्ट्या इथेच विसरले आहेत. तू शनिवारी परत येतेस असं कळलं. लवकर ये. रविवारी सकाळी दहाला सामना आहे. लेकीला आशीर्वाद, जावयांना नमस्कार, नातीला तिच्याच भाषेत काय ते सांग.

तुझा, अजून काही दिवस मिशी नसलेला,
धाकटा

ता. क. वरचं सगळं लिहिलं ते खरं आहे, पण त्यासाठी पत्र लिहिलं नाही. काल मी दाजींची माफी मागायला त्यांच्या दुकानात गेलो होतो. त्यांनी वर पाहिलं नाही. बोटाची सूज उतरली आहे. समोर एक मनगटी घड्याळ उघडं होतं. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि सवयीने भिंग डोळ्याला लावलं. उजव्या डोळ्याला. मी तीस वर्षं त्यांना तसंच करताना बघतो आहे, पण काल पहिल्यांदा दिसलं. कुणीही माणूस भिंग मालक डोळ्यालाच लावतो, आणि तक्त्यात तर त्यांचा मालक डोळा डावा लिहिला होता. मी माफी न मागताच धावत माझ्या दुकानात आलो, माझा चष्मा काढला आणि पुठ्ठ्यातून बघितलं. मालक डोळा उजवा. चष्मा घातला, मालक डोळा डावा. मग चष्मा नंबर मोजायच्या यंत्राखाली ठेवला. डावी काच माझी होती. उजवी दाजींची.

काय झालं असेल ते तुला मी सांगायला नको. तिन्ही तपकिरी फ्रेमा मी एकाच दुपारी केल्या. एकाच मापाच्या, एकाच बाकावर. माझी उजवी काच दाजींच्या चष्म्यात गेली आणि त्यांची माझ्यात. आठ महिने आम्हा दोघांचे उजवे डोळे एकमेकांच्या काचांतून अंधुक बघत आहेत, म्हणून बिचारे डावे डोळे मालक होऊन बसले. मला अंधुक दिसत नव्हतं असं नाही. पण गिऱ्हाइकाने तक्रार केली की मी त्याला जे सांगतो तेच मी मलाही सांगितलं, की आठ दिवस घाला, सवय होईल.

म्हणून विनंती. शनिवारी आलीस की कसंही करून दाजींचा चष्मा वीस मिनिटं माझ्याकडे पाठव. स्क्रू ढिला झालाय म्हण, नाकाला डाग पडतोय म्हण, काहीही म्हण. मी काच बदलून परत देतो. त्यांना कारण कळता कामा नये. त्यांचं बोट मी सुजवलं ते ते कदाचित विसरतील, पण डोळ्यांचंही मीच केलं हे कळलं तर ती खिडकी कायमची जाईल, आणि मला तिच्यावाचून दुकानात बसवत नाही, खरंच सांगतो.

दुसरा ता. क. पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात खिडकी उघडली. आतून दाजींचा डावा हात आला. हातात चष्मा होता. म्हणाले, "जरा बघ. उजवीकडून अंधुक दिसतं." मी कधीपासून असं विचारलं, तर म्हणाले आठ महिने. मग सांगितलं का नाही? "सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी. तू म्हणालास, सवय होईल." मग म्हणाले, "तुझ्या हातचा चष्मा. म्हटलं, आपलीच नजर गेली असेल."

मग मी खोटं बोलू शकलो नाही. सगळं सांगितलं. बोटाचीही माफी मागितली, शास्त्र न घालता. मला वाटलं गेली खिडकी. मग दाजी म्हणाले, की म्हणजे आठ महिने मी तुझ्या नजरेने बघत होतो, तरीच सगळं वाकडं दिसायचं. आणि हात पुन्हा आत आला, रिकामा. त्यांना स्क्रू-ड्रायव्हरची डबी हवी होती. ती देताना मी विचारलं, रविवारी काय? ते म्हणाले, "डावा कोपरा तुझा." बस, एवढंच. डबीतला एक स्क्रू-ड्रायव्हर ठेवून घेऊन काचा मी तिथल्या तिथे बदलल्या, उजव्या हाताने.

तिसरा ता. क. तुझ्या मुलाला फोन करून सगळं सांगितलं. तो रागावला नाही. उलट म्हणाला, मामा, तक्त्याखाली मी तळटीप लिहिली होती. मी जाऊन वाचली. लिहिलंय की एवढ्या थोड्या माणसांवरून काही सिद्ध होत नाही, मोठमोठ्या अभ्यासकांचंही यावर एकमत नाही, आणि डावखुऱ्यांचा फायदा समोरच्याला त्यांची सवय नसल्यामुळेही असू शकतो. हात बदला असं त्याने म्हटलं नव्हतं, ही कल्पना संपूर्णपणे माझी होती. तेव्हा वर त्याच्याविषयी जे लिहिलं आहे ते वाचू नकोस. (वाचलं असशील तर विसर.) नव्या काचा घालून, उजव्या हाताने, पुन्हा पट्टीही पकडून पाहिली. दाजींनी खिडकीतून सोडली. सव्वीस. म्हणजे दोष डोळ्याचाही नव्हता आणि हाताचाही नव्हता. हे औषधवाल्या बंधूंना कळू देऊ नकोस.

आता पत्र पाठवायचं काही कारण उरलेलं नाही, पण एक गोष्ट राहिली. तुझा चष्माही त्याच दुपारी, त्याच बाकावर केला होता, आणि त्यात तुझ्याच काचांचं डावं-उजवं झालं नसेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही. परवा फोनवर तू म्हणालीस की नातीचं नाक कुणावर गेलंय ते नीट दिसत नाही, तेव्हा मी हसलो होतो. शनिवारी आलीस की घरी जायच्या आधी दुकानात ये. सवय होईल असं या वेळी म्हणणार नाही.